अर्धे आठ

चाकणच्या एका कारखान्यात काम करणारा माझा भाचा काही वर्षांपूर्वी सहा महिन्यांसाठी इंडोनेशियाला गेला. जाण्याआधी पाळी सुटली, की पिंपरीला आमच्याकडे येऊन तो तिथले शब्द पाठ करायचा. वारांपाशी दोघेही थबकलो. सेनिन, सलासा, राबू, कामिस, जुमात, साब्तू. "मामू, हे तर मौलवीसाहेबांचे अरबी आकडे!" खरंच होतं. सेनिन म्हणजे दुसरा, सलासा तिसरा, राबू चौथा. रविवार तेवढा 'मिंगू'. तो पोर्तुगीज 'दोमिंगो'वरून आला. आठवड्यालाही मिंगूच म्हणतात.

जहाजांतून नुसते मसाले गेले नाहीत, शब्दही गेले. तिथला 'वाक्तू' म्हणजे आपला वक्त. 'कतिका' म्हणजे क्षण किंवा जेव्हा. तो संस्कृत घटिकेतून आला, म्हणजे आपल्या घटकेचा भाऊच. तिन्हीसांजेला म्हणतात 'सन्जा', अर्थात संध्या.

एवढी ओळख असूनही पोरगा पहिल्याच सोमवारी फसला. कंपनीची गाडी 'सतंगाह दलापान'ला येणार होती. सतंगाह म्हणजे अर्धा, दलापान म्हणजे आठ. यानं हिशेब केला साडेआठ. गाडी साडेसातलाच निघून गेली! आपण पुऱ्या झालेल्या तासावर अर्धा चढवतो. ते येणारा तास पुरा व्हायला अर्धा उरला, असं मोजतात. रात्री फोनवर त्याचा आवाज रडवेला होता. "मामू, परत पाठवतील का?"

पुढे शेजाऱ्यांनी त्याला 'मालाम जुमात'ला जेवायला बोलावलं. मालाम म्हणजे रात्र. या वेळी त्यानं आधी मला विचारलं. मी म्हणालो, "आपल्या घरात गुरुवारला जुमेरात का म्हणतात रे? जुम्म्याची रात्र आदल्या संध्याकाळीच सुरू होते." तो गुरुवारी गेला, वेळेवर पोचला. तसंच 'मालाम मिंगू' म्हणजे शनिवारची रात्र.

या भाषेत काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. 'सुदाह' लावलं की झालेलं, 'आकान' लावलं की होणारं. आणि झालं नसेल, पण होऊ शकेल, तर 'बलूम', म्हणजे अजून नाही. लग्न झालं का, या प्रश्नाला तिथे अविवाहित माणूस सहसा 'नाही' म्हणत नाही, 'बलूम' म्हणतो.

आपा फोनवर लेकाला विचारायची, "आली का भाषा?" तो म्हणायचा, "बलूम, अम्मी." सहा महिने पुरे करूनच तो परतला.