विश्लेषण : घरच्या ‘शोले’चा शेवट वेगळा कसा?

‘शोले’ १२ डिसेंबर २०२५ रोजी मूळ शेवटासह पुन्हा चित्रपटगृहांत आला. वाशिम, रिसोड, कारंजा भागात ज्यांनी डीव्हीडी आणून हा सिनेमा घरी पाहिला, त्यांच्यातल्या काहींना मात्र हा ‘नवा’ शेवट ओळखीचा वाटला असेल. ते चुकत नाहीत.

दोन शेवट कशामुळे?

चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. रमेश सिप्पी यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा, हे सेन्सॉरला मान्य नव्हते. सोव्हिएत संघात असलेले संजीव कुमार परत आले आणि पोलीस ऐनवेळी येऊन ठाकूरला थांबवतात, असा शेवट नव्याने चित्रित झाला.

कात्री तेवढ्यावर थांबली नाही. रामलाल बुटांना खिळे ठोकतो ते दृश्य गेले. इमामसाहेबांचा मुलगा अहमद, म्हणजे आपले सचिन पिळगावकर, त्याच्या हत्येचे दृश्यही गेले. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो आणि पुढे घोड्यावरून अहमदचा मृतदेह गावात येतो, एवढेच प्रेक्षकांनी पाहिले. खरे तर इथे न दाखवलेलेच जास्त अंगावर येते. ‘शोले’ला त्या वर्षी एकच फिल्मफेअर मिळाले, तेही संकलक एम. एस. शिंदे यांना.

मूळ शेवट टिकला कुठे?

व्हीएचएस कॅसेटवर. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या कॅसेटमधून मूळ आवृत्ती बाहेर आली. पुढे डीव्हीडीवर दोन्ही आवृत्त्या मिळू लागल्या : सेन्सॉरसंमत १९८ मिनिटांची रुंद चौकटीची आणि मूळ शेवटाची २०४ मिनिटांची, जवळपास चौकोनी.

या चौकोनाचीही गंमत आहे. चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झाले होते. ७० मिमी प्रत काढताना चित्राचा वरचा-खालचा भाग कापावा लागला. म्हणजे चौकोनी आवृत्ती जुन्या डबा टीव्हीवर पाहणाऱ्याला मुंबईच्या ‘मिनर्व्हा’तल्या प्रेक्षकापेक्षा आभाळ आणि खडक थोडे जास्तच दिसले! रामगढच्या त्या उजाड टेकड्यांसाठी हा तोटा नव्हे. रेल्वेवरचा हल्ला मात्र रुंद चौकटीतच पाहावा.

आपल्याकडची प्रत कोणती?

मिनिटांवर फार विसंबू नका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चालतो, तर आपल्याकडची ‘पाल’ पद्धत २५ चित्रांनी. त्यामुळे २०४ मिनिटांचा सिनेमा १९६ मिनिटांतही संपू शकतो. शिवाय भाड्याने फिरणारी नेहमीची कॅसेट १८० मिनिटांची. त्यात ‘शोले’ पूर्ण मावतच नाही. एकतर दुसरी कॅसेट लागते, नाहीतर काहीतरी कापावे लागते. सोपी खूण म्हणजे शेवट : पोलीस येऊन ठाकूरला अडवतात की नाही, ते पाहा.

नव्या प्रतीत काय?

फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी केलेली ही ४के प्रत २७ जून २०२५ रोजी इटलीतील बोलोन्या इथे प्रथम दाखवली गेली. लांबी २०९ मिनिटे. मूळ निगेटिव्ह खूप खराब झाली होती. ब्रिटनमधल्या गोदामात ठेवलेल्या साहित्याचा आधार घ्यावा लागला.

कॅसेटचे काय करायचे?

‘शोले’ची कॅसेट गेली तरी आता बिघडत नाही. पण त्याच पेटीत लग्नाच्या, बारशाच्या कॅसेट असतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठल्याच गोदामात नाही. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चालू यंत्र मिळाले, तर आधी कॅसेटची खिडकी उजेडात धरून पाहा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. आधी स्वच्छ करून घ्या, मग लगेच डिजिटल प्रत काढा.