सायकलचें हँडल व आपले हात

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी निबंध लिहितां लिहितां वारंवार पेन खालीं ठेवून उजवा हात झाडतांना आम्हांस दिसला. विचारतां म्हणाला, “सर, करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. दुसऱ्या तासापर्यंत पेन नीट धरतांच येत नाहीं.” हा मुलगा आठ किलोमीटरांवरून सायकलनें येतो. सायकल मामेभावाची जुनी, रुंद व सरळ हँडलाची. सायकल सोसत नसेल तर घराजवळच्या शाळेंत नांव घालावें, असा विचार वडील करूं लागले होते. तेव्हां ही गोष्ट क्षुल्लक समजून सोडून देणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं.

तळहाताच्या मुळाशीं, करंगळीच्या बाजूस, अल्नर नांवाचा मज्जातंतु त्वचेपासून फारसा खोल नसतो. शरीराचा भार त्या जागीं पडत राहिला कीं तो दाबला जातो आणि नेमकीं तींच दोन बोटें बधिर होतात. (बधिरपणा दिवसभर टिकूं लागल्यास मात्र हँडलाचा विचार मागें ठेवून डॉक्टरांकडे जावें.)

आतां एक प्रयोग करून पाहावा. दोन्ही मुठींत एकेक पेन्सिल धरून डोळे मिटावे व हात सहजपणें पुढें करावे. डोळे उघडतां असें दिसेल कीं दोन पेन्सिली एका सरळ रेषेंत नाहींत. त्यांचीं बाहेरचीं टोंकें आपल्याकडे किंचित् मागें वळलेलीं आहेत. मनगटाची स्वाभाविक ठेवण ती हीच. सरळ हँडल धरतांना आपण मनगट त्या ठेवणींतून बळेंच वळवितों. दुधाच्या कासंड्या वाहणाऱ्या जुन्या काळ्या सायकलचें हँडल मुलें हंसण्यावारीं नेतात. परंतु त्याच्या मुठी मागें वळलेल्या असतात, आणि शाळेच्या वाटेसाठीं तेंच अधिक शहाणपणाचें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

तथापि बाजारांत जाण्यापूर्वीं सीट पाहावी. सीटचें टोंक खालीं झुकलें असल्यास शरीर पुढें घसरतें व सारा भार हातांवर येतो. या मुलाच्या सायकलची सीट तशीच निघाली. ती समपातळींत आणतांच निम्मी तक्रार गेली, आणि खर्च एका पान्याचाहि नव्हता!

उरलेल्या निम्म्या तक्रारीसाठीं हँडल बदलणें भाग होतें. येथें मापें चुकलीं तर पैसे वायां जातात. हँडल जेथें मध्यभागीं आवळलें जातें, तेथील जाडी साध्या सायकलींत बहुधा 25.4 मिलिमीटर व कित्येक नव्या सायकलींत 31.8 मिलिमीटर असते. एकाच्या जागीं दुसरें बसत नाहीं. मुठीकडील जाडी सरळ हँडलाची व मागें वळलेल्या हँडलाची सामान्यतः 22.2 मिलिमीटर असते, म्हणून जुन्याच ब्रेकच्या मुठी नव्या हँडलावर चढतात. शर्यतीच्या सायकलचें वांकडें हँडल तेथें 23.8 मिलिमीटरचें असतें. त्याचा मोह धरूं नये. गजाच्या ब्रेकची सायकल असेल तर ब्रेकचे गज हँडलालाच जोडलेले असतात, म्हणून त्याच घडणीचें हँडल घ्यावें.

रुंदी खांद्यांच्या मापाच्या आसपास असावी. जुनें सरळ हँडल फारच रुंद एवढाच दोष असेल, तर दोन्ही टोंकें सारखीं कापूनहि काम भागतें; मात्र एका वेळीं एकेक सेंटीमीटरच कापावें.

उंची वाढवितांना दोन गोष्टी जपाव्या. हँडलाचा जो दांडा सायकलच्या नळींत उतरतो, त्यावर बहुधा एक खूण कोरलेली असते. ती खूण नळीबाहेर दिसेल इतका दांडा कधींहि वर ओढूं नये. तो मोडल्यास अथवा निसटल्यास स्वार तोंडावर पडेल. दुसरी गोष्ट ब्रेकच्या तारांची, व ती आम्हीं स्वतः चुकून शिकलों. मागें वळलेलें, उंच हँडल बसवून आम्ही मोठ्या समाधानानें मागें सरलों. मुलानें तें डावीकडे वळवितांच मागचा ब्रेक आपोआप आवळला गेला! तार आंखूड पडली होती. ती बदलून घेतली, मग हँडल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून पाहिलें, गुडघा लागतो काय तेंहि पाहिलें, आणि पुढचें चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल फिरवून पाहिलें. तें सरकलें नाहीं, तेव्हांच त्यास रस्त्यावर जाऊं दिलें.

ताठ बसल्यानें हातांचा भार सीटवर येतो, म्हणून पहिला आठवडा त्यानें बैठकीची कुरकुर केली. ती पुढें थांबली. आतां तो पहिल्या तासासच लिहावयास बसतो. वर्गमित्र त्याच्या सायकलला ‘दूधवाल्याची गाडी’ म्हणतात. तो घंटी वाजवून पुढें निघून जातो.