एका अडकलेल्या पुंगळीने घेतले सैनिकांचे जीव! व्हिएतनाममध्ये अमेरिकेची एम-१६ का बंद पडत होती?

मंडळी, साल होतं १९६७. व्हिएतनामच्या लढाईत काही अमेरिकन सैनिक मेलेले सापडले, तेव्हा त्यांच्या रायफली उघडलेल्या होत्या आणि शेजारी नळी साफ करायची सळई पडलेली होती. म्हणजे ऐन गोळीबारात हे जवान लढत नव्हते, तर आपली बंदूक दुरुस्त करत होते! एका सैनिकाचं याबद्दलचं पत्र थेट अमेरिकन संसदेत वाचलं गेलं आणि देशभर खळबळ उडाली.

नक्की काय बिघडत होतं?

गोळी सुटली की काडतुसाची पितळी पुंगळी दाबामुळे फुगते आणि चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते. दाब उतरला की ती किंचित आकसते. मग एक्स्ट्रॅक्टर नावाचा छोटासा आकडा तिच्या कडेला धरून तिला मागे खेचतो आणि नवीन गोळीसाठी जागा मोकळी होते. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत घडतं.

एम-१६ मध्ये मात्र पुंगळी बाहेरच येत नव्हती. आकडा निसटायचा किंवा पुंगळीची कड फाडून यायचा. मग उपाय एकच, तो म्हणजे नळीच्या तोंडातून सळई घालून पुंगळी मागे ढकलणे. समोरून गोळ्या येत असताना!

दोष कुणाचा?

पहिलं कारण म्हणजे दारू. युजीन स्टोनर यांनी ही रायफल वेगळ्या दारूवर तयार केली होती. १९६४ मध्ये सैन्याने काडतुसातली दारू बदलली. नव्या दारूमुळे रायफलचा वेग वाढला. पुंगळी पुरेशी आकसण्याआधीच आकडा तिला ओढू लागला. शिवाय या दारूची काजळीही जास्त साचायची.

दुसरं कारण म्हणजे चेंबर. त्याला आतून क्रोमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत तिथे गंज चढायचा, बारीक खड्डे पडायचे आणि फुगलेली पुंगळी त्यात रुतून बसायची.

तिसरं कारण तर कहर होतं. या रायफलीला साफसफाई लागतच नाही, असा समज पसरला होता! कित्येक जवानांना सफाईचं सामान मिळालंच नाही.

मग पुढे काय झालं?

संसद सदस्य रिचर्ड आयकॉर्ड यांच्या समितीने चौकशी केली. ऑक्टोबर १९६७ च्या अहवालात तिने सैन्याच्या अधिकाऱ्यांवर ठपका ठेवला. काडतुसातले दोष दूर न करणं हा जवळजवळ गुन्हाच आहे, इतक्या कडक शब्दांत!

याच सुमारास चेंबरला क्रोमचा मुलामा आला, वेग आवरण्यासाठी नवा बफर बसवला गेला आणि सफाईचं सामान जवानांपर्यंत पोहोचलं. १९६८ मध्ये प्रसिद्ध कॉमिक्सकार विल आइस्नर यांच्याकडून चक्क चित्रकथेची पुस्तिका काढून घेतली. रायफल कशी सांभाळायची, हे जवानांना चित्रांतून समजावलं.

सुधारलेली रायफल पुढे अनेक वर्षं वापरात राहिली. रायफलीचा मूळ आराखडा वाईट नव्हताच. बदल करताना तो पुरेसा तपासला नाही आणि त्याची किंमत मोजली ती रणांगणावरच्या पोरांनी.

तुम्हाला काय वाटतं मंडळी? कमेंटमध्ये नक्की सांगा.