रायबोझाइम आणि सिकलसेलची चिकित्सा

वारंवार सांधेदुखी, पांडुता व डोळ्यांत पिवळेपणा घेऊन येणारे मूल तिवसा-मोझरी परिसरातील आम्हां वैद्यांस नवे नाही. आमवात वा कामला समजून चिकित्सा सुरू होते आणि मूळ व्याधी सिकलसेल असल्याचे उशिरा कळते. हा आजार मेळघाटापुरता नाही. विदर्भातील अनुसूचित जाती, जमाती व काही इतर मागास समाजांतही तो आढळतो. सुश्रुतांच्या वर्गीकरणात तो आदिबलप्रवृत्त व्याधींत बसतो. म्हणूनच बीजदोषावरच घाव घालू पाहणाऱ्या रायबोझाइम या कल्पनेची ओळख आपल्या वाचकांस असावी, असे आम्हांस वाटते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, दोष एवढाच. पेशी डीएनएवरून आरएनएची प्रत काढते व त्या प्रतीबरहुकूम प्रथिन घडविते. आरएनए हा केवळ निरोप्या, अशी पूर्वी समजूत होती. १९८२ मध्ये थॉमस चेक यांना टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात स्वतःस कापून पुन्हा जोडणारा आरएनए आढळला. सिडने अल्टमन यांनीही आरएनएची उत्प्रेरक शक्ती स्वतंत्रपणे सिद्ध केली. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांना मिळाले. अशा उत्प्रेरक आरएनएला रायबोझाइम म्हणतात.

१९९८ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात ब्रूस सलेंजर व सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांच्या रक्तपूर्वपेशींवर प्रयोग केला. टेट्राहायमेनाच्याच रायबोझाइमने सदोष बीटा प्रत कापली व तिच्या जागी गर्भावस्थेतील गॅमा ग्लोबिनचा पाठ जोडला. बीज तसेच राहिले, त्याची नक्कल मात्र सुधारली. आम्हांस ही युक्ती फार देखणी वाटते.

परंतु ते काचपात्रातील यश होते. रक्तातील विकरे आरएनए झपाट्याने तोडतात आणि तो नेमक्या पेशीत पोहोचविणे त्याहून कठीण. कर्करोगावरील अँजिओझाइम मानवी चाचण्यांत उतरले, पण औषध म्हणून बाजारात आले नाही. एचआयव्हीवरील रायबोझाइमची ७४ रुग्णांतील चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ते निर्धोक ठरले, परंतु ठरविलेल्या मुख्य कसोटीवर विषाणूचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. पुढे २०२३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेने सिकलसेलसाठी कॅसजेव्ही या जनुकसंपादन उपचारास मान्यता दिली. त्यातही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच वाढविले जाते, मात्र रायबोझाइमने नव्हे. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर जाहीर झाली. आपल्या रुग्णाच्या हाती ते कधी यावे!

तोवर प्रश्न आपल्या ओपीडीचा आहे. संशयित रुग्णाची सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आहे. ती सकारात्मक आल्यास इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसीसाठी पाठवावे. शरीरातील पाणी घटले की रक्तपेशी विळ्याचा आकार घेतात. म्हणून निदानापूर्वी आमवात समजून लंघन, तीव्र स्वेदन वा विरेचन योजणे धोक्याचे आहे. पांडुता दिसली की लोहासव वा मंडूरकल्प देण्याची आपली सवय औषधविक्रेत्यांपर्यंत पोहोचली आहे. येथे रक्तपेशी फुटत असतात. लोह कमी असेलच असे नाही आणि वरचेवर रक्त चढविलेल्या रुग्णात ते साचलेले असू शकते. फेरिटिन तपासल्यावाचून लोहकल्प देऊ नयेत, हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्याचे औषध परस्पर बंद करू नये आणि ताप वा छातीत दुखणे असल्यास रुग्णास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवावे.