पडद्यामागील एक शिस्त

संगणकावर एखादे बटण दाबावे आणि पडदा गोठून जावा, हा अनुभव अनेकांस आला असेल. आत काम चालूच असते. परंतु ते बंद पडले असे समजून वापरणारा वीज तोडतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल गमावतो. याचे कारण जाणून घेणे उद्बोधक ठरेल.

एकाच प्रोग्रॅममध्ये कामाचे अनेक प्रवाह चालू शकतात. त्यांस 'थ्रेड', म्हणजे शब्दशः धागा, असे म्हणतात. १९९८ साली जावा १.२ सोबत आलेल्या 'स्विंग'मध्ये पडदा रंगविणे आणि माउसच्या घटना स्वीकारणे ही कामे एकाच थ्रेडकडे सोपविलेली आहेत. दीर्घ काम त्याच थ्रेडवर केले, तर पडदा गोठतो.

मग दुसऱ्या थ्रेडने पडद्यास हात का लावू नये? माउसची घटना कार्यप्रणालीकडून वर प्रोग्रॅमकडे येते, तर रंगविण्याची आज्ञा प्रोग्रॅमकडून खाली जाते. दोन थ्रेड उलट क्रमाने कुलपे घेऊ लागले, की एकास हवे ते कुलूप दुसऱ्यापाशी अडकते व दोघेही कायमचे थांबतात. कुलपेच घेतली नाहीत, तर अर्धवट बदललेली माहिती पडद्यावर उमटू शकते.

म्हणून दीर्घ काम मागील थ्रेडवर करावे आणि त्याची निष्पत्ती 'इन्व्होकलेटर'च्या साहाय्याने पडद्याच्या थ्रेडच्या रांगेत ठेवावी. २००६ च्या जावा ६ मध्ये याच हेतूने 'स्विंगवर्कर' समाविष्ट झाला.

विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे : हा दोष वेळेच्या योगायोगावर अवलंबून असल्यामुळे शंभर चाचण्यांतही लपून राहू शकतो. येथे प्रचीतीची वाट न पाहता नियम पाळणेच श्रेयस्कर होय.