बटाट्याचें कुलशील

घरांतील बटाटा कांहीं दिवस कोपऱ्यांत पडून राहिला कीं त्याच्या डोळ्यांतून कोंब फुटतात. शेतकरीहि हेच डोळे राखून कंद किंवा त्याचे तुकडे लावतो. म्हणून एका जातीचीं लक्षावधि झाडें वस्तुतः एकाच झाडाचे अंश असतात. त्यांचे गुण एक, तसे दोषहि एकच.

या एकसारखेपणाचें मोल आयर्लंडनें १८४५ सालापासून मोजलें. तेथील गोरगरीब मुख्यतः ‘लंपर’ या जातीवर जगत. थंड, ओलसर हवेंत वाढणारा करपा आला. पानें काळीं पडलीं, कंद सडले. त्या दुष्काळांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं आणि तितकींच देशोधडीस लागलीं.

रोगास दाद न देणारें कूळ शास्त्रज्ञांस मेक्सिकोंत सांपडलें. सोलॅनम डेमिसम हा तेथील रानटी बटाटा. त्याच्या कंदांत खाण्याजोगें फारसें नाहीं. म्हणून लागवडीच्या बटाट्याशीं त्याचा संकर करावयाचा, फुलापासून झालेल्या फळांतील खरें बी पेरावयाचें, रोपें रोगाच्या तोंडीं द्यावयाचीं आणि जीं तगतील त्यांचा चांगल्या जातींशीं पुनःपुन्हां संकर करावयाचा. हें काम वर्षानुवर्षांचें आहे.

या कुळांतून प्रतिकाराचीं ११ जनुकें ओळखण्यांत आलीं. परंतु असें एकेक जनुक म्हणजे दाराचें एकच कुलूप. रोगजंतूच्या अगणित संततींत एखाद्याची किल्ली त्यास लागते आणि मग त्याचाच वंश शेतोशेतीं माजतो. आपल्याकडे १९६८ सालीं आलेली ‘कुफरी ज्योति’ आरंभीं करप्यास चांगली तोंड देई. पुढें तिचाहि प्रतिकार ओसरला.

जॉन नीडरहौजर यांनीं निराळी वाट धरली. मेक्सिकोंतील टोलुका खोऱ्यांत करपा दरसाल भयंकर येतो. तेथें त्यांनीं अजिबात न लागणारीं झाडें शोधलीं नाहींत; रोग लागूनहि ज्यांवर तो मंद गतीनें पसरे, तीं निवडलीं. असा प्रतिकार अनेक जनुकांच्या अल्प अल्प साहाय्यानें येतो, म्हणून तो एका किल्लीनें उघडत नाहीं. या कार्याबद्दल १९९० सालीं त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

म्हणून रानटी, खुरटे, चवीस कडू बटाटेहि जपून ठेवले पाहिजेत. उद्यांच्या करप्यावरील उतारा कोणत्या कुळांत दडला आहे, हें आज कोणीच सांगूं शकत नाहीं.