हळदीचा रेणू लढतो कुठून?

त्र्यंबकेश्वरच्या देवळाबाहेर हळदकुंकवाचे ढीग असतात. तिथल्याच एका वाचकाने विचारले आहे : हळद अँटिऑक्सिडंट असल्याचे सिद्ध कसे करतात?

याचे उत्तर मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सापडते. अडचण आहे ती वेगाची. हळदीतले कुरक्युमिन एखाद्या फ्री रॅडिकलला (एकट्या इलेक्ट्रॉनमुळे दिसेल त्याच्याशी झटापट करणाऱ्या रेणूला) भिडते आणि पापणी लवायच्या आत सगळे आटोपते.

तोड काढली केंब्रिजच्या रोनाल्ड नॉरिश आणि जॉर्ज पोर्टर यांनी, 1949 मध्ये. पोर्टर महायुद्धात आरमारात रडारवर काम करत, त्यामुळे स्पंदांचे तंत्र त्यांच्या हाडीमाशी खिळले होते. प्रकाशाच्या पहिल्या लखलखाटाने रेणू फोडायचे आणि लगोलग दुसरा लखलखाट पाठवून त्यातला कोणता रंग गिळला गेला ते पाहायचे. काळोख्या रात्री वीज चमकली की त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगरावरून कोसळणारे पाणी जागीच थबकल्यासारखे दिसते, तसेच हे. 1967 चे नोबेल दोघांना मॅनफ्रेड आयगेन यांच्यासोबत मिळाले. पुढे लेसर आले आणि ही नजर फेम्टोसेकंदांपर्यंत पोचली.

ट्रॉम्बेत पहिल्या लखलखाटाच्या जागी 7 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टच्या इलेक्ट्रॉनांचा स्पंद वापरतात. तो 50 नॅनोसेकंदांइतका आखूड असू शकतो. त्याने द्रावणातच रॅडिकल जन्मतात. कुरक्युमिन एरवी 425 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. रॅडिकलशी गाठ पडली की 500 च्या आसपास नवे शोषण उगवते आणि मावळते.

वाद होता तो असा : रॅडिकलला शांत करायला कुरक्युमिन आपला हायड्रोजन देते ते टोकांवरच्या फिनॉल गटांतून की मधल्या कार्बनवरून? याच केंद्रातल्या के. इंदिरा प्रियदर्शिनी आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये फिनॉलची तोंडे मिथाइलने बंद केलेला जुळा रेणू शेजारी ठेवून पाहिला. उंदराच्या यकृतातल्या मेदाचे ऑक्सिडीकरण रोखण्याची ताकद 82 टक्क्यांवरून 24 टक्क्यांवर घसरली. रॅडिकलशी होणाऱ्या अभिक्रियेचा वेग सुमारे 1800 पट मंदावला. म्हणजे फिनॉलवाचून चालत नाही.

कुरक्युमिनच्या जाहिराती घरोघरी पोचल्या. हे देखणे काम मात्र रसायनशास्त्राच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही, याची खंत वाटते.

एवढे मात्र ध्यानात ठेवा : हा निकाल प्रयोगशाळेतला आहे. खाल्लेल्या कुरक्युमिनपैकी फारच थोडे रक्तात पोचते. हळद भाजीत जरूर घाला; पण बाटलीवर ‘सर्व रोगांवर’ असे वाचलेत, तर माणसांवरच्या चाचण्यांचा पुरावा मागा.